कोरड्या पिंपातली अंडी

डेंगीच्या दिवसांत पिंप रिकामं करून उन्हात पालथं घातलं की काम झालं, असं आपल्याला वाटतं. अळ्या मरतातच त्याने. अंडी मात्र मरत नाहीत, कारण ती पाण्यात नसतातच.

एडिस इजिप्ती डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला एकेक अंडं चिकटवते. मिलिमीटरहूनही लहान असलेलं हे अंडं आधी पांढरं असतं, दोनेक तासांत काळं पडतं. या सुरुवातीच्या काळात ओल हटली, तर ते आक्रसून मरतं. आईने दिलेलं कवच एकट्याने आतलं पाणी राखू शकत नाही. पुढची सोय अंड्यालाच करावी लागते. गर्भाभोवती पेशींचा एक पातळ पडदा पसरतो. त्याला सेरोसा म्हणतात. आईच्या कवचाच्या आतल्या बाजूने हा पडदा काइटिनचं अस्तर घालतो. साधारण अर्ध्या दिवसात ते पुरं झालं, की तेच अंडं कोरड्या पिंपात महिनोन् महिने जिवंत राहतं. पिंप आतून ब्रशने खरवडून घासायला सांगतात ते याचसाठी.

हे काम सेरोसाचंच, हे धान्यात पडणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यावर पडताळून पाहिलं गेलं आहे. एक जनुक दाबून त्याची सेरोसा नसलेली अंडी मिळवली, तेव्हा ती दमट हवेत तगली, कोरड्या हवेत सुकली.

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. असं अस्तर क्युलेक्स आणि ॲनाफिलीस डासांच्या अंड्यांतही असतं. तरी कोरड्या हवेत क्युलेक्सची अंडी काही तासच टिकतात, ॲनाफिलीसची जेमतेम दिवसभर. ब्राझीलमधल्या संशोधकांना या फरकामागे एक कारण सापडलं ते मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य. अंडं जितकं गडद, तितकं ते कोरडेपणाला पुरून उरतं. एडिसचे पूर्वज आफ्रिकेतल्या जंगलात झाडांच्या ढोलींत साचलेल्या पाण्यावर वाढायचे. उन्हाळ्यात ढोल्या आटायच्या, आणि पुढच्या पावसापर्यंत वंश टिकायचा तो अंड्यांतूनच.

पुन्हा पाणी चढलं, तरी अंडं लगेच फुटत नाही. पाण्यात जिवाणू वाढून प्राणवायू घटला, की आतल्या अळीला बाहेर पडायची खूण मिळते. हेच जिवाणू तिचं खाद्यही असतात. शिवाय सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. काही पहिल्या पाण्याला फुटतात, काही दुसऱ्या-तिसऱ्यांदा भिजेपर्यंत तशीच थांबतात.