कातळावरचा गादीवाफा

घाटकोपर पश्चिमेच्या टेकड्यांवर पहार मारली की थोड्याशा मातीखाली मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो. हा कातळ म्हणजे सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस. अशा जागी शाळेची बाग करायची, तर खाली खणण्यापेक्षा वर माती चढवणे सोपे. यालाच शेतकरी गादीवाफा म्हणतात.

मुळांना जागा मिळावी म्हणून वाफा उंच करतात, हे खरेच. पण उंचीचे दुसरे कारण पाण्याशी निगडित आहे. ते वर्गात दाखवता येते. आयताकृती स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा. पाणी ठिबकायचे थांबले की तोच स्पंज उभा धरा. पाणी पुन्हा ठिबकू लागते! स्पंज तोच, छिद्रे तीच; बदलली ती फक्त उंची.

बारीक छिद्रे केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात, पण ठरावीक उंचीपर्यंतच. त्यामुळे वाफ्याच्या तळाशी एक थर कायम चिंब राहतो. त्याची जाडी मातीच्या कणांवर अवलंबून असते, वाफ्याच्या उंचीवर नाही. समजा, हा थर 8 सेंमीचा आहे. मग 10 सेंमीच्या वाफ्यात मुळांना हवा मिळायला 2 सेंमी उरतात, 30 सेंमीच्या वाफ्यात 22 सेंमी.

तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो, असा समज आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. चिंब थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. त्याऐवजी कडेचे दगड चुन्या-सिमेंटाविना रचावेत, म्हणजे फटींतून पाणी वाहून जाईल. रुंदी मीटरभर ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. मातीत पालापाचोळ्याचे कुजलेले खत मिसळावे. खत कुजत राहते, म्हणून वाफा दरवर्षी खचतो. भर घालावी लागते.

आता वजनाचा हिशेब. 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 30 सेंमी उंच वाफ्याचे घनफळ 0.6 घनमीटर. भिजल्यावर त्याचे वजन सुमारे एक टन भरते. शिवाय 100 मिमी पाऊस पडला, तर एवढ्याशा जागेवर 200 लिटर पाणी ओतले जाते. ते कातळात मुरत नाही. कातळ आणि माती यांच्यामधून उताराकडे वाहते. पाणी भरले की मातीचे वजन वाढते आणि कणांची एकमेकांवरील पकड सुटते. 12 जुलै 2000 रोजी मुसळधार पावसात घाटकोपरच्याच टेकडीवर दरड कोसळून साठाहून अधिक माणसे दगावली. म्हणून वाफा सपाट जागीच करावा, वस्तीच्या वरच्या उतारावर कधीही नको. गच्चीवर करायचा, तर आधी अभियंत्याला विचारावे.

जागा निवडण्यापूर्वी, पहिल्या पावसात पाणी कुठून येते आणि कुठे जाते, याचा नकाशा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा.