‘नाही’च्या अलीकडे की पलीकडे?

फळ्यावर विरामचिन्हांशिवाय एक वाक्य लिहावे : ‘१८५४ साली इंग्रजांनी चांदा गोंडांकडून नाही भोसल्यांकडून घेतला’. स्वल्पविराम ‘नाही’नंतर दिला तर इतिहास बरोबर. तोच ‘नाही’च्या आधी पडला, तर भोसले गायब होतात आणि गोंड राजे शंभर वर्षे जास्त राज्य करतात. प्रत्यक्षात चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, गोंड राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेले. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, त्यांना पुत्र नव्हता आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने पुढच्याच वर्षी राज्य खालसा केले. हे ठाऊक असलेल्या मुलालाच चिन्ह कुठे द्यायचे ते कळते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीच्या शाळांत विरामचिन्हांचा सराव आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासावर व्हावा, असे मला वाटते ते यासाठी. ‘राम, श्याम आणि गोविंद’मध्ये चुकण्यासारखे काही नसते, त्यामुळे शिकण्यासारखेही फारसे नसते.

ही चिन्हे मराठीत तशी अलीकडची. जुना मोडी कागद पाहा : आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरूने सलग अक्षरे लिहीत जायची. शब्दांत अंतर नाही, वाक्य संपल्याची खूण नाही. छापखाने आले, शाळा निघाल्या, तशी इंग्रजीतली चिन्हे मराठीत आली. मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठी गद्यात रुजवली; १८५० साली त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तकच निघाले. हिंदीने वाक्याच्या शेवटी दंड ठेवला, मराठीने टिंब घेतले. माजरीत कोळसा खाणींमुळे निरनिराळ्या प्रांतांतली कुटुंबे आली आहेत. हिंदीत वाचायला शिकलेल्या मुलाने मराठी वाक्यापुढे दंड दिला, तर ती सवय आहे, आळस नव्हे.

इंग्रजीच्या वहीत अडचण वेगळी. देवनागरीत लहान-मोठे अक्षर हा भेदच नाही. वाक्याचे पहिले अक्षर मोठे काढायला मुले लवकर शिकतात. अडते ते मधल्या शब्दांत. ‘किंग’ एकटा आला तर ‘के’ लहान, ‘किंग बीरशहा’ म्हटले की ‘के’ आणि ‘बी’ दोन्ही मोठे. ‘गोंड’चा ‘जी’ कुठेही मोठाच, ‘ऑक्टोबर’चा ‘ओ’ही मोठा, ‘फॉरेस्ट’चा ‘एफ’ मात्र लहान. अशा शब्दांची सरमिसळ इतिहासाच्या वाक्यांत आपसूक होते.

सगळ्यांत नाजूक चिन्ह अवतरणाचे. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी दिली. समजा, मुलाने लिहिले : बाबुराव म्हणाले मी लढेन. दुरुस्ती म्हणून आपण स्वल्पविराम आणि दुहेरी अवतरणचिन्हे घालायला सांगतो. व्याकरण सुधारते, इतिहास बिघडतो. दुहेरी अवतरण म्हणजे हेच शब्द त्यांच्या तोंडचे होते, अशी ग्वाही. तसा कागद हाती नसेल तर ‘बाबुराव इंग्रजांशी लढले’ एवढे लिहून पूर्णविराम द्यावा.

प्रश्नचिन्हाचेही असेच. चंद्रपुरातली गोंड राजा बीरशहाची समाधी त्याची राणी हिराई हिने बांधली. ‘बीरशहाची समाधी कोणी बांधली’ यापुढे प्रश्नचिन्ह हवेच. पण ‘समाधी कोणी बांधली ते बाईंनी सांगितले’ यापुढे? ‘कोणी’ दिसताच मुले प्रश्नचिन्ह ठोकून देतात. इथे कोणी काही विचारत नाही, बाई सांगताहेत, तेव्हा पूर्णविरामच.