ब्लॉकची निवड : जुनी मसल कार आणि शेव्हरोलेचा स्मॉल ब्लॉक

सिलिंडर, पाण्याच्या व तेलाच्या वाटा आणि क्रँकच्या बैठका ज्या एका बिडाच्या ओतकामात सामावलेल्या असतात, ते ओतकाम म्हणजे इंजिन ब्लॉक. हेड, कॅम, कार्ब्युरेटर पुढे-मागे बदलता येतात. ब्लॉक चुकीचा निघाला तर मात्र सगळे इंजिन पुन्हा उघडावे लागते आणि आधीचा खर्च पाण्यात जातो. अमेरिकी मसल कारच्या बाबतीत हा प्रश्न सर्वाधिक वेळा उभा राहतो तो शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ पुढे. इंजिने भरपूर बनली, ब्लॉक आजही मिळतात, आणि नेमके म्हणूनच निवड अवघड होते.

हे इंजिन १९५५ मध्ये २६५ घनइंचाचे होते. १९५७ मध्ये २८३, १९६२ मध्ये ३२७ आणि १९६७ मध्ये कॅमॅरोमधून ३५० घनइंच असा त्याचा विस्तार झाला. ट्रान्स-ॲम शर्यतीची मर्यादा ३०५ घनइंच होती. तिच्या आत बसण्यासाठी ४ इंचाच्या बोअरमध्ये २८३ चा ३ इंची स्ट्रोक घालून ३०२ बनवले गेले आणि ते कॅमॅरोच्या झेड/२८ मध्ये आले. एवढ्या काळात दोन सिलिंडरच्या मध्यांतले अंतर ४.४० इंचच राहिले. त्यामुळे एका वर्षाचे हेड दुसऱ्या वर्षाच्या ब्लॉकवर बहुधा बसते. क्रँकचे तसे नाही. १९६७ पर्यंतच्या २८३ आणि ३२७ चे मेन जर्नल (क्रँक ब्लॉकमधल्या बैठकांत फिरतो ते त्याचे गोल भाग) २.३० इंचांचे, ३५० चे २.४५ इंचांचे आणि ४०० चे २.६५ इंचांचे. नुसते ‘स्मॉल ब्लॉक’ म्हणून भाग उचलणारा पहिल्यांदा अडकतो तो इथे.

ब्लॉक कोणता, हे ठरण्याआधी गाडी कशासाठी बांधायची हे ठरावे लागते. मूळ इंजिनासह असलेल्या गाडीला संग्राहकांच्या बाजारात मोठा भाव मिळतो, आणि मूळपणाची खूण ब्लॉकवरच असते. मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जोडतो त्या कडेजवळ ओतकामाचा क्रमांक उठून दिसतो. जवळच ओतल्याची तारीख असते : महिन्यासाठी ‘ए’ ते ‘एल’ पैकी एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘डी १२ ९’ म्हणजे १९६९ चा १२ एप्रिल. ही तारीख गाडी जुळवल्याच्या तारखेआधीची असलीच पाहिजे. समोर, उजव्या हेडच्या पुढे उघड्या राहणाऱ्या सपाट पट्टीवर जुळणीचा शिक्का असतो. त्यात ‘व्ही’ म्हणजे फ्लिंटचा आणि ‘टी’ म्हणजे टोनावांडाचा कारखाना, त्यापुढे महिना व दिवस, आणि शेवटी इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरे. १९६९ च्या झेड/२८ साठी ती ‘डीझेड’ होती. १९६८ पासून गाडीच्या क्रमांकाचा काही भागही ब्लॉकवर येऊ लागला.

याच पट्टीवर कारखान्यातल्या कापणीच्या बारीक समांतर रेघा राहिलेल्या असतात. जुना शिक्का घासून नवा ठोकला तर या रेघा जातात, म्हणून जाणकार आकड्यांआधी रेघा पाहतो. याचा दुसरा अर्थ असा की खरा मूळ ब्लॉक मशीन शॉपमध्ये देताना पट्टीला हात लावू नये अशी लेखी सूचना द्यावी लागते. डेकचे (हेड बसते त्या सपाट पृष्ठभागाचे) फेसिंग करताना कटर सरळ पुढेपर्यंत चालवला तर पाच मिनिटांत गाडीचा पुरावा पुसला जातो, आणि तो परत आणता येत नाही. शर्यतीची किंवा अफाट ताकदीची हौस असेल तर असा ब्लॉक बाजूला काढून तेल लावून ठेवावा आणि गाडीत दुसरा घालावा.

दुसऱ्या ब्लॉकच्या शोधात सर्वांत जास्त चर्चा होते ती ‘टू-बोल्ट की फोर-बोल्ट’ याची. क्रँक धरणाऱ्या पाच मेन कॅपपैकी मधल्या तिघींना फोर-बोल्ट ब्लॉकमध्ये प्रत्येकी चार बोल्ट असतात. असे ब्लॉक जोरदार मॉडेलांत आणि अनेक ट्रकांत येत. त्यांना आजही जास्त पैसे मोजले जातात, पण रस्त्यावरच्या साध्या इंजिनासाठी ही किंमत बहुतेकदा उगाचच असते. कारखान्यातल्या बाहेरच्या बोल्टांची भोके सरळ खाली, जिथे धातू कमी आहे अशा जागी जातात. धडधाकट टू-बोल्ट ब्लॉकला तिरक्या बोल्टांच्या पोलादी कॅप बसवून लाइन बोअरिंग केले तर तो त्याहून मजबूत ठरतो, असा अनेक मशिनिस्टांचा अनुभव आहे. ‘३९७००१०’ या प्रसिद्ध क्रमांकाचा ब्लॉक तर दोन्ही प्रकारांत निघाला. त्यामुळे क्रमांक वाचून खात्री होत नाही. ऑइल पॅन उतरवून बोल्ट मोजावे लागतात. टायमिंग कव्हरमागचे ०१० आणि ०२० हे आकडे निकेल व कथिलाचे प्रमाण सांगतात, ही जुनी वदंता विक्रेत्याच्या तोंडी शोभते. तिच्यावर पैसे लावू नयेत.

क्षमता वाढवायची तर १९७० मध्ये आलेला ४०० चा ब्लॉक मोहात पाडतो. त्याचा बोअर ४.१२५ इंच आणि स्ट्रोक ३.७५ इंच. एवढा बोअर बसवण्यासाठी शेजारचे सिलिंडर एकमेकांना जोडून ओतले आहेत आणि त्यांच्यामधून पाणी फिरत नाही. तिथे साठणारी वाफ निघावी म्हणून डेकवर छोटी छिद्रे असतात. ३५० चे हेड बसवताना तीच छिद्रे हेडमध्येही पाडावी लागतात. हे विसरले तर उष्णता साचून हेड गॅसकेट जाते. कमी कटकटीचा मार्ग म्हणजे ३५० चा ब्लॉक तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रिबोअर करून त्यात ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक घालणे. त्यातून ३८३ घनइंच मिळतात. ४०० चाच क्रँक वापरायचा असेल तर त्याचे मेन जर्नल २.४५ इंचांवर आणावे लागतात. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट घासू नयेत म्हणून सिलिंडरच्या खालच्या कडांनाही ग्राइंडरने थोडी जागा करून द्यावी लागते.

१९८६ पासून मागचे मेन ऑइल सील दोन तुकड्यांऐवजी एका तुकड्याचे झाले. क्रँक, फ्लायव्हील आणि ऑइल पॅन त्याबरोबर बदलले. १९८७ पासून अनेक ब्लॉकमध्ये रोलर लिफ्टरची सोय आली, आणि कॅम झिजण्याची भीती कमी झाल्याने ते रोजच्या वापराला उत्तम ठरतात. जुन्या गाडीत बसवताना मात्र किरकोळ गोष्टी छळतात. १९८० पासून डिपस्टिक चालकाच्या बाजूकडून उजवीकडे गेली, त्यामुळे जुने एक्झॉस्ट हेडर आडवे येऊ शकतात. हाताच्या गिअरची गाडी असेल तर क्लचच्या जोडणीचा गोल खुंटा जिथे बसतो ते भोक काही नंतरच्या ब्लॉकमध्ये पाडलेलेच नसते.

क्रमांक काहीही सांगो, शेवटचा शब्द मोजमापाचा. ब्लॉक आधी गरम रसायनात धुवावा, मग चुंबक आणि लोहचूर्णाने भेगा शोधाव्यात. थंड प्रदेशात पाणी गोठून पडलेली भेग बाहेरच्या भिंतीत किंवा लिफ्टरच्या घळीत सापडते. त्यानंतर सोनिक टेस्टरने प्रत्येक सिलिंडरची भिंत अनेक ठिकाणी मोजावी, कारण ओतताना आतला गाभा थोडा सरकला असेल तर एका बाजूला भिंत जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ निघते. एकाच क्रमांकाच्या, एकाच आठवड्यात ओतलेल्या दोन ब्लॉकांतही हा फरक असू शकतो. एखादाच सिलिंडर खराब असेल तर लायनर घालून ब्लॉक वाचतो.

ताकद फारच वाढवायची असेल तर जुन्या बिडाशी झगडण्यात अर्थ नाही. डार्टसारख्या कंपन्या जाड भिंतींचे, पक्क्या कॅपचे नवे ब्लॉक ओततात. दुसरा पर्याय १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर सुरू झालेल्या एलएस मालिकेचा. तिच्या ट्रकमधल्या बिडाच्या ब्लॉकलाही प्रत्येक मेन कॅपला सहा बोल्ट असतात, पैकी दोन आडवे. मात्र माउंट, ऑइल पॅन, वायरिंग सारे बदलावे लागते आणि बॉनेट उघडल्यावर गाडी जुनी दिसत नाही.

ब्लॉक ठरला तरी पिस्टनची ऑर्डर लगेच देऊ नये. सोनिक टेस्टचे आकडे हाती आल्यावर मशिनिस्ट वीस, तीस की चाळीस थाऊ घ्यायचे ते सांगतो. त्या मापाचे पिस्टन आले की ते मोजून, टॉर्क प्लेट आवळूनच शेवटचे होनिंग केले जाते.