वाऱ्याने मोडलेला वेळू

सपाट जमिनीवर 32 हात उंचीचा वेळू उभा होता. वाऱ्याने तो मोडला आणि शेंडा बुंध्यापासून 16 हातांवर जमिनीला टेकला. तर वेळू किती उंचीवर मोडला? भास्कराचार्यांनी 1150 मध्ये रचलेल्या ‘लीलावती’तले हे उदाहरण.

शाळेत पायथागोरसचे प्रमेय शिकताना काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू दिलेल्या असतात, तिसरी काढायची असते. इथे हाताशी एकच बाजू आहे, जमिनीवरची. उभी बाजू ठाऊक नाही, कर्णही नाही. ठाऊक आहे ती या दोघांची बेरीज, कारण उभा राहिलेला आणि कललेला असे दोन्ही तुकडे मिळून वेळू 32 हातांचाच.

आजचा दहावीतला मुलगा उभ्या बाजूला क्ष मानून वर्गांचा विस्तार करत बसेल. उत्तर येईलही, पण ‘लीलावती’तली रीत मला अधिक देखणी वाटते. कर्णाच्या वर्गातून उभ्या बाजूचा वर्ग वजा केला की उरतो पायाचा वर्ग, 256. आणि वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले फरक. बेरीज 32, म्हणून फरक 256 भागिले 32, म्हणजे 8. बेरीज 32 आणि फरक 8 असलेल्या संख्या 20 आणि 12. वेळू 12 हातांवर मोडला. वर्गमूळ काढावेच लागले नाही!

मोर-सापाचे उदाहरणही याच रीतीने सुटते. नऊ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या तळाशी बीळ आणि 27 हातांवरून बिळाकडे निघालेला साप. मोर तिरपा झेपावतो आणि दोघे सारखेच अंतर कापून भेटतात. (साप मोराइतका वेगवान असतो, हे गणितापुरते मान्य करायचे.) पाया आणि कर्ण मिळून 27. नऊचा वर्ग 81, त्याला 27 ने भागून फरक 3. बिळापासून 12 हातांवर सापाचा ग्रंथ आटोपला.

मोडलेला बांबू भास्कराचार्यांच्याही हजारएक वर्षे आधीच्या चिनी गणितग्रंथात सापडतो. तिथे बांबू 10 ‘ची’चा (‘ची’ हे लांबीचे चिनी माप), पाया 3 ‘ची’चा आणि उत्तर 4 पूर्णांक 11/20 ‘ची’.

अर्थात उदाहरणे मुद्दाम बेतलेली असतात. प्रत्यक्षातले कर्ण इतके सरळ निघत नाहीत. ‘लीलावती’त त्याचीही सोय आहे. काटकोनाच्या दोन्ही बाजू सव्वातीन हातांच्या असतील, तर कर्णाच्या वर्गाचे वर्गमूळ पुरते सुटत नाही. भास्कराचार्य 4 पूर्णांक 477/800 हे आसन्न उत्तर देतात. त्यातली चूक हाताच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी आहे.