मुळशीच्या सेनापतींची रशियन शिकवणी

मुळशी सत्याग्रहाचे सेनापती पांडुरंग महादेव बापट यांनी बॉम्बची विद्या मिळवली ती रशियन क्रांतिकारकांकडून. पारनेरचे बापट डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन १९०४ साली शिष्यवृत्तीवर एडिंबरोला यंत्रविद्या शिकायला गेले. तिथे ब्रिटिश राजवटीविरुद्ध बोलल्यामुळे शिष्यवृत्ती बंद झाली. मग लंडनचे इंडिया हाउस, सावरकरांचा सहवास आणि तिथून पॅरिस.

पॅरिसच का, याचे उत्तर रशियाच्या इतिहासात सापडते. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर बॉम्बने मारला गेला. १९०४ साली गृहमंत्री प्लेव्हे आणि पुढच्याच वर्षी त्या वेळच्या झारचा चुलता सर्गेई यांचा शेवटही तसाच झाला. १९०५ ची क्रांती चिरडली गेल्यावर परागंदा झालेल्या अनेक रशियनांनी पॅरिसचा आसरा घेतला. बापट आणि बंगालचे हेमचंद्र दास यांना बॉम्बचे धडे मिळाले ते याच मंडळींकडून. रशियन पुस्तिकेचा इंग्रजी तर्जुमा झाला आणि १९०८ मध्ये तो हिंदुस्थानात पोचला. कलकत्त्यात क्रांतिकारकांच्या माणिकतळा बागेत त्याची सायक्लोस्टाइल प्रत सापडली. १९०९ मध्ये नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घरझडतीत मिळालेल्या टंकलिखित प्रतीत तर ४५ आकृत्या होत्या. बापट स्वतः काही वर्षे भूमिगत राहिले. १९१२ मध्ये पकडले गेले.

मुळशीत मात्र त्यांनी बॉम्ब नव्हे, सत्याग्रह हाती घेतला. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनी नीला-मुळा संगमाजवळ धरण बांधत होती आणि पन्नासेक गावांवर बुडण्याची पाळी आली होती. १९२१ च्या रामनवमीला ‘जान किंवा जमीन’ म्हणत मावळे बांधकामावर जाऊन बसले. गंमत अशी, की या मार्गालाही रशियाचा हात लागलेला होता. टॉलस्टॉयच्या लेखनाने गांधींच्या मनाची पकड घेतली होती. जोहान्सबर्गजवळच्या सत्याग्रहींच्या वसाहतीला १९१० मध्ये टॉलस्टॉयचेच नाव मिळाले. झारवर बॉम्ब टाकणारा रशिया आणि हिंसेला सर्वस्वी नकार देणारा रशिया, दोघांचेही धागे असे मुळशीत येऊन मिळाले. बापटांनी ते वाचून-तोलून निवडले असे मात्र नव्हे.

पुण्याच्या सावकार-जमीनदारांनी मोबदला घेऊन अंग काढले, पुढाऱ्यांचा उत्साह ओसरला, कुळे तेवढी उरली. अटक, सुटका, पुन्हा अटक असे चालले. अखेर बापटांनी धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी रुळांवर दगड रचून अडवली आणि पिस्तूल चालवले. गांधींच्या कसोटीला हे उतरणारे नव्हतेच. सात वर्षांची शिक्षा झाली. सुटका १९३१ मध्ये. तोवर धरण पुरे होऊन मुळशीचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात जाऊ लागले होते.