दुसरी बॅटरी घेताय? आधी हे गैरसमज दूर करा

इलेक्ट्रिक सायकल किंवा स्कूटर अंगवळणी पडली की बहुतेक घरांत एक विचार हमखास डोकावतो: जोडीला एक बॅटरी घेऊन ठेवावी का? गाडीतला सर्वांत महागडा भाग बॅटरीच असतो. चुकीची घेतली तर पैसे जातातच, शिवाय घरात धोकाही येतो. आणि नेमक्या याच खरेदीत ऐकीव माहितीवर भिस्त ठेवली जाते. खरं तर दुसरी बॅटरी निवडताना आधी पाहायचं ते एवढंच, की ती आपल्या गाडीशी आणि चार्जरशी पूर्ण जुळते का. ती किती मोठी आहे, हा नंतरचा प्रश्न.

गैरसमज १: कोणत्याही इलेक्ट्रिक गाडीला दुसरी बॅटरी घेता येते.

वस्तुस्थिती: बजाज चेतक, एथर ४५०, टीव्हीएस आयक्यूब या स्कूटरांची बॅटरी गाडीत पक्की बसवलेली असते. ती काढून घरी नेण्याची सोयच नाही, त्यामुळे जोडबॅटरीचा प्रश्नही उरत नाही. विडा व्ही१सारख्या काही स्कूटरांची बॅटरी काढता येते. होंडा ॲक्टिव्हा ईच्या बॅटऱ्या काढता येत असल्या, तरी त्या केंद्रावर जाऊन बदलून घ्यायच्या असतात. ई-सायकलींमध्ये बॅटरी बहुधा किल्लीने सुटते, पण तिचा साचा आणि रूळ कंपनीगणिक वेगळे असतात. म्हणून पहिली चौकशी आपल्या गाडीच्या कंपनीकडेच करा.

गैरसमज २: जास्त एएच म्हणजे मोठी बॅटरी आणि जास्त वेग.

वस्तुस्थिती: नुसत्या एएचवरून, म्हणजे अँपिअर-तासांवरून, काहीच ठरत नाही. व्होल्टला एएचने गुणलं की वॉट-तास मिळतात, आणि बॅटरीत साठलेली खरी ऊर्जा तीच. ३६ व्होल्ट, १३ एएचची बॅटरी ४६८ वॉट-तासांची होते. ४८ व्होल्ट, १० एएचची ४८० वॉट-तासांची. एएचचा आकडा लहान असूनही दुसरीच थोडी मोठी ठरते. पायडल मारत चालवल्या जाणाऱ्या ई-सायकलीला साधारण १० ते १५ वॉट-तासांत एक किलोमीटर कापता येतो. म्हणजे ४८० वॉट-तासांत ३२ ते ४८ किलोमीटर. चढ, ओझं आणि समोरचा वारा असेल तर हा आकडा खाली येतो.

वेगाचा तर एएचशी संबंधच नाही. टाकी मोठी बसवली म्हणून नळाची धार जोरात येत नाही, तसंच हे आहे.

गैरसमज ३: व्होल्टचा आकडा जुळला की झालं.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होतं. लेबलवरचा ‘४८ व्होल्ट’ हा ढोबळ आकडा असतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचे १३ सेल एकापुढे एक जोडलेला पॅक पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट दाखवतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचे म्हणजे एलएफपीचे १६ सेल जोडलेला पॅक ५८.४ व्होल्टपर्यंत जातो. बाजारात दोन्ही ‘४८’ म्हणूनच विकले जातात. आता दुसऱ्या पॅकचा चार्जर पहिल्याला लावला, तर सेल ओव्हरचार्ज होण्यापासून वाचवायला आतल्या बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम) सर्किटशिवाय काही उरत नाही. ते सर्किट चुकलं तर आग. जुन्या लेड-ॲसिड स्कूटरचा चार्जरही लिथियमला लावू नका.

म्हणून लेबलवर व्होल्टसोबत सेलचा प्रकार, पूर्ण भरल्यावरचा व्होल्टेज आणि बीएमएस सलग किती अँपिअर देऊ शकतं, हे तिन्ही वाचा. चढावर मोटरला जितके अँपिअर लागतात तितके बॅटरी देऊ शकली नाही, तर गाडी ऐन घाटात बंद पडते. काही गाड्यांत बॅटरी आणि मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर एकमेकांना संदेशही देतात. तिथे परका पॅक व्होल्ट जुळूनही चालत नाही.

३६ व्होल्टच्या सायकलीला ४८ व्होल्टची बॅटरी लावून वेग वाढवण्याचा सल्लाही मिळतो. त्यात कंट्रोलर जळू शकतो. शिवाय २५० वॉटपेक्षा कमी ताकद आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग या अटींमुळे अशा वाहनाला नोंदणी आणि लायसन्समधून सूट मिळते. वेग वाढवला की ती सूट गेली.

गैरसमज ४: दोन्ही बॅटऱ्या वायरने एकत्र जोडल्या की रेंज दुप्पट.

वस्तुस्थिती: एक बॅटरी ५४ व्होल्टवर आणि दुसरी ४६ वर असताना त्या समांतर जोडल्या, असं धरा. फरक ८ व्होल्टचा. दोन्हींचा अंतर्गत रोध मिळून ०.२ ओहम असेल, तर भरलेल्या बॅटरीतून रिकाम्या बॅटरीत ४० अँपिअर घुसतात. तीच बॅटरी घरच्या चार्जरवर दोन ते पाच अँपिअरने भरत असते. वायर वितळायला, सेल बिघडायला एवढं पुरेसं आहे. आणि त्या एकापुढे एक जोडल्या, तर व्होल्टेजच दुप्पट होऊन कंट्रोलर जातो.

एक संपली की ती काढून दुसरी लावायची, हाच सुरक्षित मार्ग. दोन बॅटऱ्या एकत्र चालवण्याची सोय कंपनीने स्वतः दिली असेल, तरच तसं करा.

गैरसमज ५: पॅक कोणीही बनवला तरी आत सेल तेच.

वस्तुस्थिती: सेल नवे आहेत की जुन्या पॅकमधून काढलेले, हे बाहेरून दिसत नाही. २०२२ साली देशात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्यावर नोंदणी होणाऱ्या दुचाकींसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. पाणी आत शिरू न देणं, तापमानावर नजर ठेवणं, एका सेलची आग शेजारच्या सेलपर्यंत पोचण्याची चाचणी, हे सगळं त्यात आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत अशा चाचण्या होतात.

स्वस्त पॅकवर या मानकाचं प्रमाणपत्र मागा, बनवल्याची तारीख आणि अनुक्रमांक पाहा, पक्कं बिल घ्या. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के असतो, सुट्या बॅटरीवर १८ टक्के. परकी बॅटरी लावल्याने गाडीची वॉरंटी जाते का, हेही लेखी विचारून घ्या.

गैरसमज ६: जोडबॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवली की अडीअडचणीला कामी येते.

वस्तुस्थिती: लिथियम बॅटरी न वापरताही म्हातारी होते, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत व उन्हाळ्यात जास्त झपाट्याने होते. आठवडेच्या आठवडे पडून राहणार असेल तर ४० ते ६० टक्के चार्जवर, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ती डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका. बहुतेक सेल ४५ अंशांपुढे चार्ज करू नयेत असं बनवणारेच सांगतात, म्हणून उन्हातून आल्यावर ती निवू द्या आणि मगच चार्जिंगला लावा.

‘पूर्ण संपवूनच चार्ज करावी’ हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा, लिथियमचा नव्हे. दोन्ही बॅटऱ्या आलटून पालटून वापरा. पुढे कधीतरी लागेल म्हणून आज घेऊन ठेवलेली बॅटरी कपाटातच आयुष्य घालवते आणि तिची वॉरंटीही तिथेच सरते.

गैरसमज ७: विमानाने जाताना सोबत नेता येते.

वस्तुस्थिती: प्रवासी विमानात १६० वॉट-तासांवरची लिथियम बॅटरी चालत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि सामानातही नाही. ई-सायकलची बॅटरी बहुधा याच्या दुप्पट-तिप्पट असते. परदेशातल्या नातेवाइकांकडून बॅटरी मागवण्याचा बेत म्हणूनच सोडून द्या.

मग घ्यावी की नाही?

दिवसभर डिलिव्हरी करणाऱ्याला, रोज घाट चढणाऱ्याला किंवा मधे कुठेच चार्जिंग न मिळणाऱ्याला दुसरी बॅटरी नक्की उपयोगी पडते. पण कामाच्या ठिकाणी प्लग मिळत असेल, तर तिथे ठेवायला कंपनीचाच एक जादा चार्जर घेणं खूप स्वस्त पडतं. गरज फक्त पहिली बॅटरी थकल्यामुळे वाटत असेल, तर तीच बदलून घ्या. जुनी भंगारात देऊ नका: २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेतानाच दुकानदाराला विचारा, जुनी परत कुठे द्यायची?