गाडी जागची हलताना



पत्रिकेत आजच्या विषयाचे नाव वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतला माणूस, तो मोर्चावर बोलेल, महागाईवर बोलेल. नव्या मोटारीच्या धक्क्यावर त्याने काय म्हणून बोलावे? शिवाय मी इंजिनिअर नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते वर्कशॉपातल्या मिस्त्रींच्या हाताखाली आणि रात्री उसन्या आणलेल्या पुस्तकांतून. परंतु हा विषय माझ्याकडे यंत्रशास्त्र म्हणून आलाच नाही. तो एका पगारपत्रकावरची कपात म्हणून आला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेचा एक सभासद कार्यालयात येऊन बसला. भाड्याच्या गाड्या चालविणाऱ्या एका मालकाकडे तो नोकरीस. मालकाने नवी कोरी पेट्रोलची गाडी घेतली, साध्या हातगिअरची. चार हजार किलोमीटर होतात न होतात तोच ती सिग्नलवरून सुटताना थरथरू लागली. विक्रेत्याच्या वर्कशॉपने एक फेरी मारून निकाल दिला : गाडीत दोष नाही, ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी चालवतो. क्लच-प्लेट हा झिजणारा भाग, म्हणून तो हमीत बसत नाही. झाले! मालकाने नऊ हजार रुपये हप्त्याहप्त्याने पगारातून कापायला सुरुवात केली. आमचा माणूस मला म्हणाला, "अण्णा, पैशाचं एक वेळ सोडा. पण बावीस वर्षं गाडी चालवून मला क्लच सोडता येत नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलंय."

दोष पायाचा की यंत्राचा, हे ओळखता येते का? येते. मात्र त्यासाठी गाडी जागची हलते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहिले पाहिजे.

आगगाडीचे वाफेचे इंजिन उभ्या स्थितीतूनच चाकांना रेटा देऊ शकत असे, म्हणून त्याला क्लच नव्हता. विजेची मोटरही शून्यापासून जोर लावते. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला मात्र हे साधत नाही. ते फिरत असेल तरच जिवंत, थांबले की मेले. गाडी उभी असताना ते मिनिटाला सातआठशे फेरे घेत असते आणि चाकांचे फेरे असतात शून्य. या दोघांची गाठ घालायची तर मध्ये काहीतरी घसरले पाहिजे. ते घसरण्याचे काम क्लच करतो. इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याच्यासमोर लायनिंग लावलेली प्लेट असते आणि मागून स्प्रिंगच्या जोराने तिला दाबणारी प्रेशर-प्लेट. आपण पाय उचलू लागतो तशी ती प्लेट फ्लायव्हीलला घासत घासत त्याचा वेग पकडते. हा सगळा संसार एक-दोन सेकंदांचा. तेवढ्यात घर्षण एकसारखे राहिले तर आत बसलेल्याला काही कळतही नाही.

बिघडते ते कसे? घरातली जड लोखंडी ट्रंक फरशीवरून ओढून पाहा. ती सरळ सरकत नाही. अडते, एकदम सुटते, पुन्हा अडते आणि गुरगुरत पुढे जाते. चिकटलेली वस्तू सोडवायला जो जोर लागतो तो ती घसरू लागल्यावर कमी पुरतो, त्यामुळे हा पकड-सूट असा खेळ सुरू होतो. फळ्यावर खडू किंचाळतो तोही याच कारणाने. क्लचच्या लायनिंगवर तेल आले, त्याचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत झाला, किंवा प्लेट वाकडी बसली, की हाच खेळ सेकंदाला दहा-वीस वेळा होऊ लागतो आणि सारी गाडी थरथरते. प्लेटची पकड पूर्ण बसली, घसरणे थांबले, की थरथरही थांबते. ही खूण लक्षात ठेवावी.

म्हणून तक्रार घेऊन आलेल्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो की, धक्का एक की अनेक? क्लच पकडताना अनेक बारीक हिसके आणि मग शांत, तर संशय क्लचवर. 'ठक्' असा एकच आवाज आणि एकच धक्का, तर इंजिनाच्या आधारांकडे बघावे. इंजिन रबराच्या आधारांवर बसविलेले असते; मिस्त्री लोक त्यांना फाउंडेशन म्हणतात. त्यातले एखादे फाटले वा बोल्ट ढिला राहिला, की ओढ लागताच इंजिन सबंध डोलते. नव्या गाडीत फाउंडेशन फाटलेले क्वचितच सापडेल, पण बोल्ट ढिला राहू शकतो. आणि गाडी सुटल्यावरही, क्लच पूर्ण सोडल्यावरही हिसके चालूच राहिले, तर क्लचला सोडून द्यावे आणि इंधन, स्पार्क, हवा यांच्या मागे लागावे. तिसरा एक प्रकार अलीकडच्या गाड्यांत दिसतो. त्यात विजेवर चालणारा हँडब्रेक किंवा चढावर गाडी धरून ठेवणारी योजना असते. ब्रेक उशिरा सुटला, तर ओढ आणि अडवणूक यांची एक क्षण झटापट होते. ती योजना बंद करून पाहिली की उत्तर मिळते.

दुसरा प्रश्न, केव्हा? पावसाळी रात्री उघड्यावर उभी असलेली गाडी सकाळी दोन-तीनदा थरथरते. फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर आलेला असतो. तो घासून निघाला की संपले; त्याला दोष म्हणू नये. नवी प्लेट पहिले काही शे किलोमीटर बसायला घेते, हेही खरे. 'हजार किलोमीटर चालवा, सेट होईल' असे सांगतात त्यात एवढे तथ्य आहे. पण दिवसेंदिवस वाढत जाणारी थरथर सेट होत नसते. गळणारे तेल आपणहून परत जात नाही.

आता माणूस आणि यंत्र वेगळे करण्याची परीक्षा. सपाट मोकळी जागा घ्यावी, पुढेमागे कोणी उभे नसावे. एअर कंडिशनर बंद, हँडब्रेक पूर्ण सोडलेला. पहिला गिअर टाकून एक्सलेटरला पाय न लावता क्लच सावकाश सोडावा. आजच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाचा संगणक स्वतःच थोडे इंधन वाढवून गाडी सांभाळतो. अशा रीतीने ती गुळगुळीत निघाली आणि एक्सलेटर दिल्यावरच धक्का बसला, तर हातापायांचा मेळ तपासावा. लहान टर्बो इंजिनांना अगदी कमी फेऱ्यांत जोर नसतो. चालक जास्त पेडल दाबतो आणि जोर उशिरा, पण एकदम येतो. यात चालकाचा गुन्हा नाही, सवयीचा प्रश्न आहे. मात्र एक्सलेटरला न शिवता गाडी थरथरली, तर तिथे पायाला दोष देण्यासारखे उरते काय? हीच परीक्षा रिव्हर्समध्ये करावी, इंजिन थंड असताना एकदा, तापल्यावर एकदा. आणि निदान तीन चालकांनी करावी.

आम्ही तेच केले. एका रविवारी तिघांनी ती गाडी चालविली. त्यांत एसटीतून निवृत्त झालेले एक वृद्ध चालक होते. तिघांच्याही पायाखाली ती सारखीच थरथरली. मग गाडी रॅम्पवर चढविली, तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या घंटेच्या आकाराच्या कवचाखाली ओला डाग दिसला. गिअरबॉक्स आमच्यासमोर उतरवावा असा आग्रह धरला. नाइलाजाने त्यांनी उतरविला. इंजिनाच्या मागच्या टोकाचे ऑइल सील पाझरत होते, लायनिंग तेलाने काळे पडले होते. खरा पुरावा मात्र पुढेच होता. व्हर्नियरने प्लेटची जाडी मोजली, ती जवळजवळ नव्याइतकी! हाफ क्लचवर गाडी रेटणाऱ्याची प्लेट पातळ झालेली असते, जळका वास येतो, फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडतात. इथे यांपैकी काही नव्हते.

हे हातगिअरचे झाले. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून सामान्य माणसाच्या गाडीत एक नवी तऱ्हा आली. गिअरबॉक्स जुनाच, पण क्लच दाबणारा पाय यंत्राचा. या यंत्राला प्लेट नेमकी कुठे पकडू लागते ती जागा शिकवावी लागते. ती चुकली की प्रत्येक सुटीला गचका बसतो. उपाय पाने-पेंचीचा नाही. संगणक जोडून ती जागा पुन्हा शिकवतात. ब्रेक सोडल्यावर क्षणभर थांबून गाडी सरकू द्यावी आणि मग एक्सलेटर द्यावा, तरीही गचका राहिला तर वर्कशॉप गाठावे. चढावर मात्र एक्सलेटरने गाडी तोलून धरू नये. त्यात प्लेट तापते, मग ती मनुष्याच्या पायाने असो की यंत्राच्या.

दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची कथा तर न्यायालयात गेली. फोर्ड कंपनीच्या फोकस, फिएस्टा आणि इकोस्पोर्ट या गाड्यांत पॉवरशिफ्ट नावाचा असा गिअरबॉक्स होता. त्याचे क्लच कोरडे. ऑस्ट्रेलियातील ग्राहक तक्रार करीत की गाडी सुटताना थरथरते, हिसके देते. कित्येकांना उत्तर मिळे, तुमची चालविण्याची पद्धत चुकते. तेथील ग्राहक-आयोगाने खटला भरला. एप्रिल २०१८ मध्ये संघ न्यायालयाने ऑस्ट्रेलियातील फोर्ड कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. गिअरबॉक्समध्ये दोष असल्याचे माहीत असूनही कंपनीने ग्राहकांशी केलेला व्यवहार सदसद्विवेकाला सोडून होता, असे ठरले आणि कंपनीनेही ते मान्य केले. मी तो निकाल वाचला तेव्हा आमचा सभासद डोळ्यांपुढे आला. मेलबर्नचा मोटारमालक आणि आमचा पगारी चालक यांच्यात केवढे अंतर. पण दोघांच्या हाती पडलेले वाक्य एकच.

आपल्याकडे काय करता येते? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वस्तूचा दोष चाचणीवाचून कळणार नसेल, तर जिल्हा आयोग ती योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मात्र पगारी चालक हा ग्राहक नव्हे, गाडी मालकाची. त्याला आधार वेतन-कायद्याचा. नुकसानीबद्दल पगार कापायचा तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीनेच झालेले असले पाहिजे आणि कापण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. आमच्या माणसाला ती कोणी दिलीच नव्हती.

म्हणून जॉब-कार्डाकडे नीट लक्ष द्या. 'गाडी बरोबर चालत नाही' असे मोघम लिहू देऊ नका. 'पहिल्या गिअरमध्ये, सपाट रस्त्यावर, एक्सलेटर न देता, क्लच पकडताना थरथरते, इंजिन गरम, इतके किलोमीटर' असे लिहवून घ्या आणि प्रत मागा. वर्कशॉपच्या माणसाला शेजारी बसवून धक्का दाखवा. शक्य तर त्यालाच चालवू द्या. त्याच्यावर रागावू नका. तोही कुणाचा तरी नोकर आहे आणि हमीतली दुरुस्ती नाकारण्याचा दबाव त्याच्यावर वरून येत असतो, हे मला त्याच खात्यातल्या आमच्या सभासदांनी सांगितले आहे.

त्या गाडीचे सील आणि प्लेट अखेर हमीत बदलून मिळाली. कापलेले पैसे मालकाने पुढच्याच पगारात परत केले. जॉब-कार्डावरचे 'चालकाचा दोष' हे दोन शब्द रद्द झाल्याचे पत्र मिळवायला मात्र आणखी दोन महिने आणि सात खेपा लागल्या.